आरे-वारेचा वारा आणि पन्नास काडतुसांची पेटी

गणपतीपुळ्याला निघालेली मंडळी हल्ली रत्नागिरीहून समुद्राकाठच्या रस्त्याने जातात. साखरतरची खाडी मागे पडली की रस्ता थोड्या वेळाने डोंगराच्या कडेने चढू लागतो, एक वळण येते आणि गाडीतली सारी माणसे बोलता बोलता थबकतात. खाली दोन किनारे पसरलेले असतात, एक आरेचा आणि एक वारेचा. मधे डोंगराची सोंड थेट पाण्यात उतरलेली, काठाला सुरूचे बन, आणि पलीकडे आभाळ संपेपर्यंत समुद्र. मग गाडी थांबते, लेकरे उतरतात, फोटो निघतात, कुणीतरी भाजलेले कणीस घेते.

गेल्या दिवाळीत आमचीही गाडी तिथेच थांबली. मुलगा, सून आणि नात कठड्याकडे धावली. मी मात्र समुद्राकडे पाठ करून उभा राहिलो आणि वरच्या कातळसड्याकडे पाहू लागलो.

"आजोबा, समुद्र इकडे आहे!" नात ओरडली.

समुद्र कुठे आहे ते मला ठाऊक होते. पण आरे-वारे म्हटले की आधी समुद्र आठवावा अशी माझी स्थितीच नाही. मला आठवतो तो एक ससा.

ही गोष्ट १९६३ सालची. मी सतरा वर्षांचा होतो. कोकण रेल्वे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हती. दिवाळीच्या सुटीत आम्ही मुंबईची भाचरे भाऊच्या धक्क्यावरून बोटीत बसायचो, रात्रभर ओकाऱ्या काढायचो, आणि रत्नागिरीच्या बंदराबाहेर बोट थांबली की हेलकावणाऱ्या पडावात जीव मुठीत धरून उतरायचो. मामा धक्क्यावर छत्री घेऊन उभे असत. दिवाळीत छत्री कशाला, असे कुणी विचारले तर म्हणायचे, "कोकणात पावसाचा आणि पाहुण्यांचा भरवसा नाही."

मामा वकिली करीत. अशील कमी, वेळ पुष्कळ. त्या वेळाचा उपयोग ते दोन गोष्टींत करीत, एक म्हणजे आंब्याची कलमे आणि दुसरी म्हणजे बंदूक. बंदूक म्हणजे गावोगाव शेतकऱ्यांकडे असते ती ठासणीची नव्हे. ठासणीच्या नळीत दारू, चिंध्या आणि छर्रे कोंबून बार काढला की समोरच्या झुडपाचा निम्मा पाला गळून पडे आणि त्यात एखादे जनावर सापडले तर सापडे. मामांची होती बी.एस.ए. कंपनीची पॉइंट टू-टू रायफल. नाजूक, हलकी, घराण्यातल्या सुनेसारखी जपलेली. समुद्राची हवा लोखंडाला खाते म्हणून रोज रात्री, बाहेर काढलेली असो वा नसो, तिच्या नळीतून तेलाचा बोळा फिरायचा.

इथे एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचकांपैकी कुणा हौशी तरुणाच्या डोक्यात भलते काही यायला नको. त्या काळी १९५१ च्या कायद्याप्रमाणे परवाना काढून लहान शिकार करता येत असे आणि मामांकडे तो होता. पुढे १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावरची शिकारही बंद झाली. आज आरे-वारेच्या सड्यावर ससा दिसला तर हात जोडून पुढे जावे. मी आता तेच करतो.

ससा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पिंजऱ्यातला पांढरा, लाल डोळ्यांचा ससा येतो. सड्यावरचा ससा निराळा. अंग वाळक्या गवताच्या रंगाचे आणि मानेवर मागच्या बाजूला काळा पट्टा. विलायतेतला ससा बिळात राहतो, आणि तोच १८५९ साली कुणा हौशी साहेबाने ऑस्ट्रेलियात सोडला तेव्हा त्याने सारा देश पोखरून टाकला. आपला ससा बीळ खणत नाही. दिवसभर गवतातल्या एखाद्या खळग्यात कान पाडून बसतो, आणि पाय अगदी त्याच्या अंगावर पडेपर्यंत हलत नाही. संध्याकाळी उठतो आणि खालच्या वाफ्यांतला कुळीथ कोवळा असला की त्यावर ताव मारतो. आरेच्या बाजूला एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचे असेच वाफे होते. आम्ही त्याला आबा म्हणत असू. "वकीलसाहेब, तुमी कायद्याची पुस्तकं वाचा, मी कुळीथ पेरतो, नि खातो कोण तर ससा!" असे म्हणून तो दरवर्षी मामांना बोलावणे धाडी.

तर बंदुकीबद्दल. बंदूक चांगली असली की नेम चांगला, एवढीच माझी तेव्हा समजूत होती. मामांनी ती दुसऱ्याच दिवशी मोडून काढली.

त्यांच्या टेबलाच्या खणात काडतुसांच्या दोन पेट्या होत्या, प्रत्येकी पन्नासांच्या. एक साधी, मंद गतीची, निशाणबाजीसाठी केलेली विलायती. ती मामांनी बरीच वर्षे पुरवून पुरवून वापरली होती, कारण परकी चलनाच्या टंचाईमुळे असला माल येणे जवळजवळ बंद झाले होते. दुसरी पेटी नवी कोरी. नैरोबीहून आलेल्या एका स्नेह्याने भेट दिलेली. वर भडक रंगाचे चित्र, आणि वेगाचा आकडा इतक्या मोठ्या अक्षरांत की काडतुसाचे नाव लहान वाटावे. आतल्या गोळ्यांच्या टोकाला बारीक खळगा होता.

"ही जास्त जोरात जाते ना?" मी विचारले.

"जाते."

"मग जास्त चांगली!"

मामा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही होडीने खाडी ओलांडून, पुढे पायी आरेच्या किनाऱ्यावर गेलो. सागरी रस्ता तेव्हा नव्हता. माणसांचे नाव नव्हते. भरतीच्या रेषेवर खेकड्यांच्या जाळीदार रांगोळ्या तेवढ्या होत्या. मामांनी डोंगराच्या पायथ्याशी एक पांढरा पुठ्ठा रोवला, पन्नास पावले मोजली, वाळूने भरलेल्या पिशवीवर रायफल टेकवली आणि जुन्या पेटीतल्या पाच गोळ्या सावकाश झाडल्या. आवाज असा की नारळ खाली पडावा, फट्. आम्ही जाऊन पाहिले. पाचही भोके अशी लगटून बसली होती की मामांनी खिशातून आठ आण्याचे नाणे काढून त्यांवर ठेवले आणि ती सगळी झाकली गेली.

मग नव्या पेटीतली पाच. आवाज फट् असा नव्हता. आभाळात कुणी चाबूक ओढावा तशी टाळी वाजली आणि ती डोंगरावरून परत आली. मी तर खूश झालो. पुठ्ठ्यावर पाहतो तो पाच भोके पाच दिशांना. त्यांवर माझा तळहात ठेवला तरी एक बाहेर राहिले. शिवाय सगळी मूळ जागेपेक्षा दोनेक बोटे वर.

"माणूस तोच, बंदूक तीच, पिशवी तीच," मामा म्हणाले. "बदललं काय?"

मला वाटले, नव्या काडतुसांत काही खोट असणार. मामांनी मान हलवली. त्यांचे म्हणणे असे की हीच पेटी दुसऱ्या एखाद्या रायफलीत घातली तर ती पाचही भोके नाण्याखाली बसवील. प्रत्येक नळीची एक आवड असते. एकाच कारखान्यात, एकाच दिवशी, एकाच हत्याराने घडवलेल्या दोन नळ्याही एक काडतूस सारखे खात नाहीत. ते अजमावायचे कसे, तर पुठ्ठ्यावर. पेटीवरच्या चित्रावर नव्हे.

पॉइंट टू-टूच्या बाबतीत हे जास्तच खरे. मोठ्या बंदुकीच्या काडतुसाच्या पेंद्याला मधोमध एक टिकली असते आणि ती टिकली ठिणगी देते. या चिमुकल्या काडतुसाला टिकली नाही. त्याच्या पेंद्याची कडा पोकळ असते, त्या पोकळीत स्फोटक मसाला भरलेला असतो, आणि बंदुकीतला खिळा ती कडा चेचतो तेव्हा ठिणगी पडते. आता ही कडा किती जाड, मसाला चहूकडे सारखा पसरला की एका बाजूला कमी पडला, यावर दारू कशी पेटणार ते ठरते. दारू चिमूटभर. गोळीचे वजन चाळीस ग्रेन, म्हणजे अडीच ग्रॅमच्या जरा वर. एवढ्याशा संसारात केसभर फरक पडला तरी पन्नास पावलांवर बोटभर दिसतो. मोठ्या बंदुकीचे शौकीन आपली काडतुसे घरी मोजूनमापून भरू शकतात. याची सोय नाही. कारखान्याने जे दिले ते घ्यायचे आणि नळीला विचारायचे.

आणखी एक. या गोळ्या उघड्या शिशाच्या, वरून मेणासारखे वंगण लावलेल्या. एका जातीचे वंगण नळीला माखलेले असताना दुसऱ्या जातीच्या गोळ्या घातल्या तर पहिल्या काही गोळ्या भलतीकडेच जातात. नळीला जुने विसरून नवे अंगवळणी पडायला वेळ लागतो. मामा म्हणत, "सून सासरी रुळायला वर्ष घेते, हिला दहा गोळ्या पुरतात." आणि वाळूत एकही काडतूस पडू द्यायचे नाही. वंगणाला वाळूचे कण चिकटतात, ते नळीतल्या आट्यांवरून घासत जातात, की झाले. म्हणून काडतुसे पत्र्याच्या डबीत, डबी खिशात, खिशाला गुंडी.

एवढे सारे ऐकून, पाहून, पुठ्ठ्यावर स्वतःचा तळहात ठेवून मी जे केले ते आजही सांगताना जड जाते.

मामांचा रिवाज पहाटेचा. उजाडताना जमिनीवरून समुद्राकडे मतलई वाहते, तीही मंद. तेवढ्या वेळात ससा दिसला तर दिसला. साठ पावलांपलीकडे असला तर चाप ओढायचा नाही. डोके स्पष्ट दिसत नसेल तरी ओढायचा नाही. दहा वाजायच्या सुमारास खारे वारे सुटले की मामा काडतुसे काढून घेत आणि आम्ही आबाकडे पेज प्यायला जात असू. चार सकाळी आम्ही असे गेलो आणि चारही वेळा नुसती पेज पिऊन परत आलो. एकदा ससा दिसला, पण ऐंशी पावलांवर. मामांनी त्याच्याकडे पाहिले, त्याने मामांकडे पाहिले, आणि दोघेही आपापल्या वाटेने गेले. मी मनात चरफडलो.

भाऊबीजेनंतर तिसऱ्या दिवशी मामांना ताप आला, आणि आबाचा निरोप आला की संध्याकाळी दोन ससे वाफ्यात उतरतात. मी हट्ट धरला. मामांनी खूप आढेवेढे घेऊन, आबाच्या सोबतीने, मला जायला परवानगी दिली. डबीत दहा काडतुसे त्यांनी स्वतः मोजून घातली. जुन्या पेटीतली. बाहेर पडताना मी खणातून नव्या पेटीतली एक मूठ उचलली.

का उचलली? लांबचा ससा मारता यावा म्हणून. जोरात जाणारी गोळी लांब जाणार, सरळ जाणार, आणि वाऱ्याला दाद देणार नाही. हे मला कुणी शिकवले नव्हते. शिकवण्याची गरजच वाटली नाही, इतके ते उघड होते.

सड्यावर पोचलो तेव्हा सूर्य पाण्यापासून दोन हात वर होता. वारा असा की आबाच्या मुंडाशाचा शेव आडवा फडफडत होता. ससा होता. वाफ्याच्या वरच्या बांधापाशी, सत्तर-पंचाहत्तर पावलांवर. तोंड समुद्राकडे, कान उभे. मी पालथा पडलो, दगडावर रायफल टेकवली, माशी त्याच्या कानाखाली धरली. आबा हळूच म्हणाला, "लांब हाय बाळा." मी चाप ओढला. टाळी वाजली.

ससा उडाला, पडला, आणि पुन्हा उठला. मागचा भाग ओढत पुढच्या दोन पायांवर तो करवंदीच्या जाळीत शिरला. सशाला आवाज नसतो अशी माझी समजूत होती. त्या संध्याकाळी ती गेली.

अंधार पडला. चंद्राची कोर होती ती लगेच बुडाली. आम्ही विजेरी घेऊन करवंदीचे काटे अंगावर घेत हिंडलो, तो सापडला नाही. रात्री मी मामांना सांगितले. कोणती गोळी घातली होती तेही सांगितले. ते तापाने फणफणलेले, उशीला टेकून बसलेले. रागावतील असे वाटले होते. ते एवढेच म्हणाले, "तुला पुठ्ठा दाखवला होता रे मी."

पहाटे कावळ्यांनी जागा दाखवली. आबाने फावडे आणले, खड्डा मात्र मीच खणला. कातळावर माती वीतभरच असते. मामा बरे झाल्यावर मला एकदा तिथे घेऊन गेले, जागा पाहिली आणि काही न बोलता परत आले. त्या पेटीतली उरलेली काडतुसे त्यांनी पुन्हा कधी वापरली नाहीत. पुढे कायदा आला तेव्हा त्यांनी रायफल एका क्लबाला देऊन टाकली आणि उरलेला वेळ कलमांकडे लावला. मीही पुन्हा बंदूक हाती धरली नाही. आपला हात हलला, आपला नेम कच्चा, असे मी साठ वर्षे धरून चाललो होतो.

आता पुन्हा गेल्या दिवाळीकडे येऊ. माझी नात बालेवाडीला निशाणबाजी शिकते. तिचा प्रकार पन्नास मीटरचा, आणि बंदूक तीच, पॉइंट टू-टू. तिच्यापुढे कागदाचे निशाण असते. त्याचे मधले वर्तुळ, ज्याला दहा गुण, ते १०.४ मिलिमीटरचे, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढे. आपल्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत हिने याच बंदुकीने, पालथे पडून झाडायच्या प्रकारात, २०१० साली म्युनिकला जागतिक विजेतेपद मिळवले. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये गुडघ्यावर, पालथे आणि उभे अशा तिन्ही आसनांत झाडून कांस्यपदक आणले. त्या राधानगरीच्या रानात एके काळी कोल्हापूरचे महाराज शिकारीला जात. आता तिथे गव्यांचे अभयारण्य आहे, आणि त्या मुलखातला पोरगा कागदावर नेम धरून जगात तिसरा येतो. मला ही अदलाबदल फार आवडते.

आम्ही खाली वारेच्या पुळणीवर उतरलो. (जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे, पाय भिजवायला हरकत नाही, पण इथला समुद्र पोहायचा नव्हे. आत ओढणारे पाणी आहे आणि ते दिसत नाही.) मी खिशातून एक पाकीट काढले. त्यात मामांचा पुठ्ठा होता. मामांच्या पश्चात त्यांच्या कायद्याच्या एका पुस्तकात तो मला सापडला. पिवळा पडलेला, मधोमध पाच भोके लगटलेली, आणि वरच्या बाजूला दुसरी पाच, विखुरलेली. त्यांखाली मामांच्या बारीक अक्षरात दोन्ही पेट्यांची नावे आणि तारीख.

नातीने तो हातात घेतला आणि तिचा चेहराच बदलला. पोरीने पर्समधून मोजपट्टी काढली. हल्लीच्या मुलींच्या पर्समध्ये काय काय असते! "आजोबा, पन्नास पावलांवर हे? साध्या बंदुकीनं? हे कुणी केलं?"

मग मी तिला सारे सांगितले. आजवर घरात कुणालाच सांगितले नव्हते.

ती गप्प बसून ऐकत होती. शेवटी तिने विचारले, "वारा कुठून होता?"

"समुद्रावरून. माझ्या डावीकडून."

"आणि सशाचं तोंड?"

"समुद्राकडे."

तिने वाळूवर बोटाने रेघ ओढली. म्हणाली, "तुम्हांला वाटलं जोराची गोळी वाऱ्याला कमी दबेल. सगळ्यांनाच वाटतं. मलाही वाटायचं. पण या गोळीचं उलट आहे." आणि मग तिने मला जे समजावले ते मी माझ्या शब्दांत सांगतो, कारण तिच्या बोलण्यात निम्मे इंग्रजी होते.

आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४०-३५० मीटर वेगाने जातो. निशाणबाजीची मंद गोळी नळीतून निघतानाच त्याच्या थोडी खाली असते, सेकंदाला ३२०-३३० मीटर. वेगवान गोळी सुमारे ३८० ने निघते, म्हणजे आवाजाच्या पुढे. ती टाळी वाजते ती त्यामुळेच. पण आवाजाच्या वेगाच्या आसपास हवा गोळीला सर्वांत जास्त अडवते. बोथट, हलकी गोळी पन्नासएक यार्डांतच आपला सगळा जादा वेग गमावून बसते आणि आवाजाच्या रेषेखाली उतरते. त्या उंबरठ्यावरून जाताना ती डळमळूही शकते. आता वारा गोळीला किती ढकलतो हे तिच्या वेगावर अवलंबून नसते. हवेच्या अडवण्यामुळे तिला वाटेत जेवढा उशीर होतो, त्या उशिरावर अवलंबून असते. मंद गोळी हळू जाते खरी, पण हळूच निघालेली असल्याने वाटेत फारसे गमावत नाही. वेगवान गोळी निघते जोरात आणि गमावतेही जोरात. ताशी १० मैलांच्या आडव्या वाऱ्यात शंभर यार्डांवर मंद गोळी साधारण चार इंच सरकते, तर वेगवान पाच-साडेपाच. वेगवान गोळीचा फायदा एकच, ती कमी खाली पडते. पन्नास यार्डांवर जुळवलेली असली तर शंभरावर ती सहाएक इंच खाली येते आणि मंद गोळी आठएक. पण खाली पडणे ठरलेले असते, ते हिशेबात धरता येते. आरे-वारेचा वारा कुणी हिशेबात धरावा?

"म्हणून आमच्या रेंजवर वाऱ्याची निशाणं लावलेली असतात," ती म्हणाली. "आणि आम्ही मंद गोळ्याच वापरतो, सगळे."

नळीच्या आवडीचे तर तिला सांगावेच लागले नाही. मामा पुठ्ठ्यावर करीत तेच आता साऱ्या जगात चालते, फक्त थाट मोठा. बर्मिंगहॅमला एली कंपनी आणि जर्मनीत शोनेबेक गावी लापुआ कंपनी खेळाडूंना आपली बंदूक घेऊन बोलावते. बंदूक घट्ट अडकवून एकामागून एक घाण्यातली काडतुसे झाडून पाहतात. एकच नाव, एकच किंमत, पण या घाण्यातली पेटी त्या नळीत नाण्याएवढी बसते आणि दुसऱ्या घाण्यातली बसत नाही. जो घाणा जमला त्याच्या पेट्या वर्षभराच्या घेऊन ठेवायच्या. तिच्या वहीत तिच्या नळीचा घाण्याचा आकडा कुंकवासारखा लाल शाईने लिहिलेला आहे.

"म्हणजे तुमचा हात हलला नव्हता, आजोबा," ती शेवटी म्हणाली. "तुम्ही नीटच धरलं असणार. पंचाहत्तर पावलांवर, तसल्या वाऱ्यात, त्या नळीतून ती गोळी चारपाच इंच तरी उजवीकडे जाणारच होती. वर तिचा तो पसारा." तिने वरच्या पाच भोकांवर बोट ठेवले. माझे समाधान व्हावे म्हणून ती बोलत होती हे मला कळत होते. पण डबीत मामांनी मोजून घातलेली दहा काडतुसे तशीच होती, आणि खणातली मूठ मी उचलली होती. हात हलला नसेल तर तेवढेच उरते. मी तिला तसे बोललो नाही. ती चांगली मुलगी आहे.

"तुमचे मामा पहाटेच का जायचे ते कळलं ना पण?" तिने विचारले.

"मतलई."

"हो. मतलई म्हणजे काय?"

मी सांगितले. तिला तो शब्द फार आवडला. वहीत लिहून घेतला.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघेच पुन्हा आलो. मुलगा आणि सून हॉटेलात झोपली होती. रस्ता सोडून सड्यावर चढलो. आबाचे वाफे होते तिथे आता काजूची कलमे आहेत आणि भोवती चिऱ्याचा गडगा. करवंदीची जाळी नेमकी कोणती ते मला सांगता येईना. साठ वर्षांत करवंदी कुठून कुठे सरकली असेल. वारा अगदी थोडा होता, पाठीमागून, गार. गवत दवाने ओले झाले होते. नात खाली पाहत चालली होती, ती एकदम बसली. कातळाच्या एका खळग्यात गोल गोल लेंड्या पडल्या होत्या. ताज्या, ओलसर.

"सशाच्या?" ती कुजबुजली.

मी मान डोलावली. मग आम्ही दोघे तिथेच, एका दगडावर, उजाडेपर्यंत न बोलता बसून राहिलो.